थैलीभर बक्षिसं

पोस्टातली माझी नोकरी काउंटरवर सुरू झाली आणि तालुक्याच्या गावी सबपोस्टमास्तर म्हणून संपली. मधल्या काळात तार बंद झाली, मनीऑर्डर आटली, संगणक आले, पोस्टाची पेमेंट्स बँक आली. या सगळ्यातून एक गोष्ट मात्र टिकून राहिली, ती म्हणजे बक्षीस लागल्याची खबर. आधी ती पोस्टकार्डावर यायची, मग व्ही.पी.च्या पार्सलाबरोबर, मग चकचकीत पाकिटातून, आणि आता लोकांच्या मोबाइलवर येते. ज्याला बक्षीस लागतं त्याला स्वतःचं एकच पाकीट दिसतं. आम्हाला सकाळी फोडलेली अख्खी थैली दिसायची. एवढ्या फरकामुळे जे कळत गेलं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

मी लागलो तेव्हा साप्ताहिकांच्या मागच्या पानांवर कोड्यांच्या जाहिराती असत. नऊ घरांचा चौकोन, त्यातले काही आकडे भरलेले. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज केली तरी 15 यायला हवी. मधल्या घरात 5 धरला की बाकीचं आपोआप जुळत जातं, चौथीतलं पोरही सोडवेल. नाहीतर एखाद्या नटाचे नुसते डोळे छापलेले असत आणि खाली ‘ओळखा पाहू’. उत्तर चुकायची सोयच नव्हती, आणि खरी मेख तिथेच होती. नुसतं नशिबाने मिळालेल्या गोष्टीबद्दल माणूस जरा साशंक असतो. पण डोकं चालवून मिळवलं असं वाटलं की ती त्याच्या हक्काची होते. आठ-पंधरा दिवसांत पत्र यायचं : अभिनंदन, आपलं उत्तर बरोबर, आपल्याला कॅमेरा लागला आहे, फक्त पॅकिंग आणि टपालखर्चाची रक्कम भरून सोडवून घ्या.

मागोमाग व्ही.पी. यायची. व्ही.पी.चा नियम साधा आहे. आधी पैसे भरायचे, मग पार्सल ताब्यात घ्यायचं. वसतिगृहात राहून शिकणारा एक मुलगा अशीच व्ही.पी. सोडवायला आला होता. नोटा आणि नाणी त्याने रुमालात बांधून आणली होती. माझ्यासमोर त्याने ती दोनदा मोजली, सही केली आणि पार्सल घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. सुतळी तोडायला माझ्याकडूनच कात्री नेली. खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे होते, वजनासाठी विटेचा तुकडा होता, आणि कॅमेऱ्याच्या आकाराची प्लास्टिकची डबी. भिंगाच्या जागी काच चिकटवलेली होती. मागचं झाकण उघडलं तर आत काहीच नव्हतं, रीळ बसवायला जागासुद्धा नाही. तो आत आला आणि कात्री परत करत म्हणाला, “साहेब, आता हे परत पाठवता येईल?”

सही झाल्यावर पार्सल त्याचं झालं होतं. त्याच्या वतीने तक्रार अर्ज मी लिहून दिला, वरच्या ऑफिसला पाठवला, पुढे त्यातून काही निष्पन्न झालं नाही. त्यानंतर मात्र व्ही.पी. हातात देण्याआधी विचारायचंच, असं मी ठरवून टाकलं : मागवली आहे का? कुणाकडून? काय असेल आत? घ्यायची नसेल तर ‘नकार’ असा शेरा मारून ती परत जाते आणि नाकारणाऱ्याला एक पैसाही पडत नाही, हे बहुतेकांना ठाऊकच नसायचं. पोस्टातून काही आलं म्हणजे ते घ्यावंच लागतं, अशी लोकांची समजूत होती. सरकारी शिक्क्यावरचा हा विश्वास या मंडळींनी फुकटात वापरला. याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

राग असला तरी हात बांधलेले होते. दुसऱ्याचं टपाल उघडणं किंवा अडवून ठेवणं हा 1898च्या पोस्ट ऑफिस कायद्यानुसार आमच्यासाठी गुन्हा होता, आणि तो असायलाच हवा होता. पोस्टमन पत्रं निवडून द्यायला लागला तर पोस्टावर विश्वास कोण ठेवणार? त्याच कायद्यात सरकारमान्य नसलेल्या लॉटरीची तिकिटं, जाहिराती टपालाने पाठवायलाही मनाई होती. पण बंद पाकिटाच्या आत काय आहे हे बाहेरून कळणार कसं?

मग स्क्रॅचकार्डाचे दिवस आले. सॉर्टिंगच्या टेबलावर एकाच मापाची, एकाच वजनाची, एकाच गावी बुक झालेली पाकिटं दिसू लागली. पत्ते छापील असायचे. आत काय असतं ते आम्हाला लोकांकडूनच कळलं. एका दुपारी शाळेतल्या एक बाई पाकीट घेऊन खिडकीवर आल्या. गुळगुळीत कागदाची पुस्तिका, त्यात खरेदीच्या वस्तूंचे फोटो, एक फॉर्म आणि चंदेरी पट्टी खरवडलेलं कार्ड. कार्डावर मोटार. “पोस्टानेच आलंय, तेव्हा खरं असेल ना?” असं त्या विचारत होत्या, तेवढ्यात त्यांच्या मागे उभे असलेले किराणा दुकानदार काही न बोलता खिशातून तसंच कार्ड काढून कठड्यावर ठेवते झाले. तीच मोटार, तोच रंग. कार्डांवरच्या नंबरात शेवटचे दोन आकडे तेवढे वेगळे होते. बाईंनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरून पाहिली आणि फॉर्म फाडला. मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

मला त्या दिवशी रस्ता सापडला. तोवर मी लोकांना समजावत असे, ‘अहो, असं कुणी फुकट देत नाही’ वगैरे. त्याचा परिणाम बहुधा उलटाच व्हायचा. समोरच्याला वाटायचं, हा माझं चांगलं झालेलं बघवत नसलेला माणूस आहे. दुसऱ्या दिवशी पोस्टमन मंडळींना मी सांगितलं की पाकीट ज्याचं त्याला द्यायचंच, अडवायचं नाही, हसायचं नाही, उपदेश करायचा नाही. देताना फक्त एवढं बोलायचं, “असली पाकिटं आज या गल्लीत बऱ्याच घरी आली आहेत.” हे आमच्या डोळ्यांसमोरचं होतं, आणि कुणाचा गुपित मजकूर फोडल्यासारखंही नव्हतं. या एका वाक्याने जितके लोक सावध झाले, तितके नोटीसबोर्डावर चिकटवलेल्या सूचनेने कधी झाले नाहीत.

कार्डावर दिलेल्या नंबरावर फोन केला की पुढचा खेळ सगळीकडे सारखाच असे. मोटार हवी की रोख रक्कम, असं अदबीने विचारायचे. माणूस रोख म्हणाला की नोंदणी शुल्क, मग प्रक्रिया शुल्क, मग कर, मग रिझर्व्ह बँकेची मंजुरी. प्रत्येक वेळची रक्कम मिळणाऱ्या बक्षिसाच्या मानाने क्षुल्लक, आणि प्रत्येक वेळी ‘हे शेवटचं’.

सगळ्यांत जास्त काळजी मला मंथली इन्कमचं खातं किंवा सर्टिफिकेट मुदतीआधी मोडायला येणाऱ्यांची वाटायची. दवाखाना, लग्न, घर, ही कारणं माणूस आपणहून सांगतो. कारण न सांगता घाई करणारा माणूस आला की मी हातातलं काम बाजूला ठेवायचो. एक निवृत्त गुरुजी असेच आले होते. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. मंथली इन्कमचं खातं तीन वर्षांच्या आत मोडलं तर मुद्दलातून दोन टक्के कापले जातात, हे मी सांगितलं. “कापू द्या,” म्हणाले. कशासाठी, तर “ते आत्ता सांगता येत नाही.”

सांगता येत नाही, हे शब्द ऐकून मी त्यांना आत बोलावलं, चहा मागवला आणि वेगळंच विचारलं, “गुरुजी, सांगू नका असं तुम्हाला कुणी बजावलंय का?” ते गप्प झाले. मग पिशवीतून कागद काढला. मोबाइलवर आधी एसएमएस आला होता : तुमचा नंबर लंडनच्या लॉटरीत निवडला गेला, पाच लाख पौंड. पुढे ई-मेल आला, त्याची छापील प्रत सायबर कॅफेतून आणली होती. वर अशोकस्तंभ, खाली दोन गोल शिक्के आणि मध्ये ठळक अक्षरांत सूचना होती, सुरक्षेच्या कारणास्तव रक्कम मिळेपर्यंत ही बाब गुप्त ठेवा.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, माझं इंग्रजी कच्चं आहे, तुम्ही तपासून सांगा. त्यांनी चष्मा लावला. पहिल्याच परिच्छेदात बँकेचं नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेलं त्यांना सापडलं. लंडनहून पैसे येणार, पण ‘कर’ भरायचं खातं मात्र इथल्याच कुठल्या तरी शहरातलं आणि एका व्यक्तीच्या नावाचं, हे मी बोटाने दाखवलं. शेवटी नियमही सांगितला. परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायला परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांनी मनाई आहे. मनाईच्या यादीत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना याबाबत पुन्हा बजावलं होतं, आणि रिझर्व्ह बँक कुणाही व्यक्तीचं खातं ठेवत नाही, हेही ती वेळोवेळी सांगत आली आहे. गुरुजींनी ऐकून घेतलं. खातं मोडलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, “घरी बोलू नका.”

शुद्धलेखनाच्या चुकांवरून खोटं पत्र ओळखायचे ते दिवस आता सरले, हेही सांगायला हवं. हल्लीचे मजकूर नीटनेटके असतात, फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. ‘गुप्त ठेवा’ ही सूचना मात्र अजून प्रत्येक वेळी असतेच. घरातलं दुसरं माणूस ऐकायला बसलं की हा धंदा चालत नाही.

त्या धंद्याची पाळंमुळं किती खोल जातात ते मला एका ताईंकडून कळलं. नवरा नाही, मुलगा बाहेरगावी, बचत गटात हिशेब ठेवणाऱ्या, व्यवहाराला पक्क्या. व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश आला : कौन बनेगा करोडपतीच्या सिमकार्ड लकी ड्रॉमध्ये तुम्हाला 25 लाख लागले. सोबत अमिताभ बच्चन आणि पंतप्रधानांचे फोटो छापलेलं प्रमाणपत्र. नंबर +92ने सुरू होणारा. तो पाकिस्तानचा कोड आहे हे किती जणांना माहीत असतं? आणि त्या कार्यक्रमाचा किंवा वाहिनीचा याच्याशी काडीचाही संबंध नसतो. तिथे प्रश्नांची उत्तरं देऊनच पुढे जावं लागतं, सिमकार्डाला कुणी बक्षीस देत नाही.

ताईंनी आधी फाइलचा खर्च भरला, मग जीएसटी, मग खातं ‘ॲक्टिव्ह’ करायचे पैसे. घरातलं संपल्यावर गटातून कर्ज काढलं. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा सोनं गहाण टाकायच्या विचारात होत्या. मी विचारलं, “दुसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हाच शंका नाही आली?” त्या म्हणाल्या, “आली होती. पण थांबले असते तर आधीचे गेलेच असते ना साहेब.” भरलेल्या पैशांची ओढच त्यांना पुढचे पैसे भरायला लावत होती. हे मी इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. थोड्या वेळाने मान खाली घालून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तो माणूस रोज फोन करायचा, ताई म्हणायचा आणि आधी जेवलात का ते विचारायचा.

अशा माणसांना लोभी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, कधी कधी तक्रार लिहून घेणाराही म्हणतो. माझ्या मते हे चूक आहे आणि त्यातून नुकसान होतं. मी जे पाहिले त्यांतले बरेच जण मुलीच्या लग्नाच्या, थकलेल्या हप्त्याच्या, दवाखान्याच्या बिलाच्या विवंचनेत होते. अडचणीतल्या माणसाला सुटकेची आशा वाटणं म्हणजे लोभ नव्हे. आणि लोभी हा शिक्का बसेल या भीतीने माणूस तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसतो, तक्रार करत नाही. फसवणाऱ्याला तेच हवं असतं.

इथे तर वेळेलाच किंमत असते. 1930 या हेल्पलाइनवर किंवा सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते, आणि पैसे ज्या खात्यात पोचलेले असतील तिथे गोठवता येतात. मात्र ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात आणि मग एटीएममधून बाहेर जायला फार वेळ लागत नाही. ताईंचा शेवटचा हप्ता तेवढा एका खात्यात सापडला. तो परत मिळायला कोर्टाचा आदेश लागला, महिने गेले. आधीचं सगळं बुडालं. ज्या खात्यात तो सापडला ते एका कॉलेजच्या मुलाचं होतं. थोड्या कमिशनवर त्याने एटीएम कार्ड आणि सिम कुणाला तरी वापरायला दिलं होतं. अशी भाड्याने दिलेली खाती नसतील तर हा सगळा व्यवहार एका दिवसात बंद पडेल. घरात शिकणारी मुलं असतील त्यांना हे कडक शब्दांत सांगायला हवं, कारण पोलिस आधी त्यांच्याच दारात येतात.

महिन्याभराने ताईंना दुसरा फोन आला. ‘सायबर अधिकारी बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सुटले आहेत, फक्त वकिलाची फी भरा.’ एकदा फसलेल्यांची यादी विकली जाते, असं पोलिस सांगतात. या वेळी त्यांनी फोन ठेवला आणि थेट पोस्टात आल्या.

पोस्टाच्या नावानेही हे झालंच. 2022 साली पोस्टाचं नाव आणि चिन्ह लावून, प्रश्नावली भरा, सरकारी अनुदान किंवा बक्षीस मिळवा, अशा लिंका फिरू लागल्या. पोस्ट खात्याला त्या खोट्या असल्याचं जाहीर करावं लागलं. तरीही लोक खिडकीवर येऊन आमच्याकडे बक्षीस मागायचे, आणि नाही म्हटलं की चिडायचे. त्यांचं चिडणं समजण्यासारखं होतं.

पुढे त्या ताईंनीच मला बचत गटाच्या बैठकीला बोलावलं. आपली हकीकत त्यांनी स्वतः सांगितली, आकड्यांसकट. त्या बोलत असतानाच दोघीतिघींनी आपापले मोबाइल काढले. एकीकडे तेच प्रमाणपत्र होतं, फक्त नाव वेगळं. एकीने क्यूआर कोड दाखवला, ‘स्कॅन करून पिन टाका, बक्षीस जमा होईल’. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे तिथे चार वेळा वेगवेगळ्या प्रकारे सांगावं लागलं. मग मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, “अहो, पण खरं बक्षीस लागलं तर कळायचं कसं?”

हा प्रश्न मला फार रास्त वाटला. खरी बक्षिसं असतातच. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे. 1998च्या कायद्यानुसार लॉटरी फक्त राज्य सरकारंच काढू शकतात, खासगी कंपनी नाही. तिथे तिकीट आपण स्वतः विकत घेतलेलं असतं, सोडतीची तारीख त्यावर छापलेली असते, निकाल जाहीर होतो आणि दावा आपणच करायला जायचं असतं. आपल्याला शोधत कुणी फोन करत नाही. तिकीट जपायचं आणि त्याचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर तीस टक्के कर लागतो, तो कापूनच उरलेली रक्कम हाती येते. आधी कर भरा मग बक्षीस घ्या, असं रोख बक्षिसाच्या बाबतीत कुठेही नाही.

“आणि गाडी लागली तर?” आजींची सून म्हणाली. दिराला मागे चहाच्या कंपनीच्या योजनेत खरोखरच मोटारसायकल लागली होती, आणि तेव्हा पैसे भरावे लागले होते. तिचं बरोबर होतं. वस्तूच्या रूपातलं बक्षीस द्यायच्या आधी त्यावरचा कर भरला गेला आहे याची खात्री करणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि काही कंपन्या तो स्वतः भरतात, काही विजेत्याकडून घेतात. पण तेव्हा पैसे कुणा माणसाच्या यूपीआयवर जात नाहीत. ते चेकने किंवा कंपनीच्या नावाच्या खात्यात जातात, पावती मिळते, कर आपल्या पॅनवर जमा झालेला आयकराच्या 26एएस विवरणात दिसतो, आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र कंपनीला द्यावंच लागतं. योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपवणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरवलेली आहे, तेव्हा विजेत्यांची यादी मागायलाही संकोच करू नये. सुनेने विचारलं, “आणि ते म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर दुसऱ्याला जाईल?” मी म्हटलं, “जाऊ द्या म्हणायचं. आणि चहाच्या पुड्यावर कंपनीचा जो पत्ता छापलाय त्यावर एक रजिस्टर पत्र टाकायचं. मजकूर मी लिहून देतो.”